रामराव कोणत्या गावचा?

माणसं निर्णय कसे घेतात, याचा अभ्यास करणाऱ्या माणसाकडे नोकरी करू नका. किस्से इतके साचतात की जेवताना घास खाली उतरत नाही. माणूस चुकीचा निर्णय एकदाच घेतो, पण तो बरोबर कसा होता हे पुढची वीस वर्षं सांगत बसतो. आणि ऐकायला आम्ही.

आम्ही म्हणजे तिघं. डॉ. प्रज्ञा खिल्लारे, मानसशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापक, वय सहासष्ट. लग्न केलं नाही. सगळी नोकरी पुण्यात "माणूस ठरवतो कसा" हे शिकवण्यात गेली, आणि निवृत्त झाल्यावर, जिथून सगळे पळतात त्या हिंगोलीला परत आल्या. दुसरे रफिक चाचा, आमच्या जीपचे ड्रायव्हर. तिसरी मी, सोनाली, राहणार साखरा, नांदेडला इंजिनिअरिंगची दोन वर्षं करून सोडून दिलेली. मॅडमचे प्रश्न गावोगाव वाचून दाखवायचे आणि उत्तरं टॅबमध्ये भरायची, हे माझं काम.

ऑफिस म्हणजे एका मेडिकल दुकानावरच्या दोन खोल्या. जिना अगदी उभा. मधल्या वळणावर मॅडम थांबतात, मोबाईल काढतात आणि कुणाचा तरी मेसेज वाचल्यासारखं करतात. मोबाईल बऱ्याचदा बंद असतो.

मॅडमच्या हृदयाची झडप खराब झाली आहे. नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, बदलून घ्या, उशीर करू नका. मॅडम म्हणाल्या, "विचार करते." हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्या विचार करण्याच्या दिवसांतलं आहे. ऑफिसात मात्र त्या विषयावर बोलायची पद्धत नव्हती.

*

अगदी सुरुवातीची गोष्ट. मॅडमचा एक प्रश्न होता. रामराव नावाच्या शेतकऱ्याने एक म्हैस खूप जपली, औषधपाणी केलं, तरी ती दूध देत नाही. आता त्याने ती ठेवावी की विकावी? गेलेल्या कष्टांना माणूस किती चिकटून बसतो, हे बघायचं होतं. पुण्यात म्हणे लोक एका शब्दात उत्तर देऊन मोकळे होतात.

मी माझ्याच गावात, साखऱ्यात, समाजमंदिराच्या ओट्यावर प्रश्न वाचला.

"कोणता रामराव?" एका काकांनी विचारलं.

"कोणताच नाही काका. समजा, एक रामराव आहे."

"समजा कसं? वरच्या आळीतला का?"

"त्याच्याकडं कुठं म्हैस हाय आता," दुसरे म्हणाले. "पोराच्या लग्नात काढली त्यानं."

"मंग खालच्या आळीचा आसंल."

"तो काय म्हैस जपतो? बायकोला जपंना."

तासभर हेच. म्हैस बाजूलाच राहिली, दोन्ही रामरावांची खानदानं निघाली. आम्ही निघायच्या तयारीत होतो, तेवढ्यात खालच्या आळीचा खरा रामराव हातात लोटा घेऊन तरातरा आला.

"माझी म्हैस दूध देत न्हाई म्हणून सर्व्हे करून राहिले का तुमी?"

मॅडमनी त्याला सगळी पद्धत समजावून सांगितली. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि लोटा पुढे केला. "प्या." न तापवलेलं, धारेचं दूध. मॅडम सगळं प्यायल्या, त्यांनी पदराने ओठ पुसले आणि मला म्हणाल्या, "सोनाली, पुढच्या गावापासून नाव नको."

नाव काढलं. रामरावचा "एक शेतकरी" झाला. पुढच्या गावात पहिलेच आजोबा म्हणाले, "नाव काहून लपवून राहिले त्याचं? काय केलं त्यानं?"

*

कळमनुरीकडे एक निवृत्त गुरुजी आहेत. त्यांच्या पुढच्या खोलीत हळदीची पोती छतापर्यंत रचलेली, आणि घरातली माणसं उरलेल्या जागेत अंग चोरून राहतात. मॅडमना अशी माणसं बघितली की लहान लेकरासारखा आनंद होतो.

"भाव वाढत होता तेव्हा का नाही विकली गुरुजी?"

"वाढून राहिला व्हता ना, मंग कशाला इकू?"

"मग उतरायला लागला तेव्हा?"

"उतरत्या भावात कोणी इकते का मॅडम?"

"आता तर बरेच दिवस एका जागी आहे."

"त्याचा काय भरवसा, कवा बी हालंल."

मॅडम पुढे सरकून बसल्या. "म्हणजे विकायची बरोबर वेळ कोणती?"

गुरुजी विचारात पडले. माणसाने आयुष्यभर पोरांना गणित शिकवलंय, आणि घरातलं एक पोतं हलवता येत नाही. तेवढ्यात त्यांची सून पोत्यांमधून आडवी होत चहा घेऊन आली. तिने कप ठेवला आणि म्हणाली, "मामंजी गेल्यावर."

हळू नाही, चांगलं मोठ्याने म्हणाली. मी कपात तोंड लपवलं. गुरुजी जराही रागावले नाहीत.

"तवा मातर चांगला भाव आसंल," ते म्हणाले.

*

अभ्यासाचा एक भाग घरातल्या बायकांसाठी होता. दवाखान्यात कधी जायचं, मुलीला कुठपर्यंत शिकवायचं, हे घरात कोण ठरवतं? औंढ्याजवळच्या एका मोठ्या घरात आम्ही सुनेला समोर बसवलं. मी प्रश्न वाचला. तिने तोंड उघडलं. उत्तर सासऱ्याने दिलं.

"तिचं तीच ठरवती. आमच्या घरात बायकांना पूर्ण फ्रीडम हाय. सांग गं त्यांना."

तिने सांगितलं, हो आहे. अजून काय सांगणार?

असं प्रत्येक घरात. मी चिडून जीपमध्ये शिव्या घालत होते, तेव्हा रफिक चाचांनी काम अंगावर घेतलं. दुसऱ्या दिवसापासून खिशाला पेन, हातात पॅड. आम्ही घरात शिरलो की चाचा अंगणातून हाक मारायचे, "घर के बडे लोगां का स्पेशल सर्व्हे इधर है, आ जाओ." सासरे, दीर, नवरे सगळे जीपपाशी. आत बायका मोकळ्या. एक मावशी तर म्हणाली, आधी आमचा चहा निवांत पिऊन घेऊ द्या, मंग विचारा.

मॅडमना उत्सुकता, चाचा तिकडे विचारतात तरी काय?

"एकीच सवाल मॅडम. 'आपका क्या कहना है?' शाम तक फुरसत."

"आणि उत्तरं कुठे लिहिलीत?"

"लिखना कायकू? उनो कोन से पढने वाले है."

*

एक दिवस माझे बाबा ऑफिसात आले. नवी टोपी, इस्त्रीचा शर्ट. माझ्या कॉलेजच्या ॲडमिशनलाही असेच आले होते, म्हणून मला लगेच कळलं की आता माझं काहीतरी होणार.

"मॅडम, तुमी मनाच्या डॉक्टर. हिच्या मनात काय भरलंय ते काढा तेवढं. दोन वर्षं झाली व्हती हिची. दोनच राहिली व्हती."

मॅडमनी त्यांना पाणी दिलं. "इंजिनिअरिंगचं कुणी ठरवलं होतं?"

"सगळ्यानं मिळून. मी, तिचे मामा, मोठा भाऊ, शाळेतले सर. बैठकच बसली व्हती घरी."

"त्या बैठकीत ही होती का?"

"व्हती ना," बाबा म्हणाले. "चहा हिनंच केला."

हे ते लपवून म्हणाले नाहीत की लाजून म्हणाले नाहीत. त्यांना ते खरंच पुरेसं वाटत होतं. मला तो चहा आठवला. साखर जास्त झाली म्हणून मामांनी परत पाठवला होता. त्या बैठकीत परत पाठवलेली तेवढी एकच गोष्ट.

मॅडम म्हणाल्या, "दोन वर्षं गेली, ती आता कुणालाच परत मिळत नाहीत. तिसरं त्यांच्यामागे घालवायचं का, एवढंच ठरवायचं आहे. ते तिला ठरवू द्या."

बाबा थोडा वेळ टोपी मांडीवर फिरवत बसले, मग उठले. जिन्याच्या वळणावर ते थांबलेले मला वरून दिसले. तिथूनच त्यांनी मान वर केली. "मॅडम, तुमाला बी हितं दम लागत आसंल न्हाई?"

ते गेल्यावर मी म्हणाले, "माझं बरं एवढं पटकन कळतं तुम्हाला."

"दुसऱ्याचं सगळ्यांनाच पटकन कळतं," मॅडम म्हणाल्या. "त्यावरच तर मी पगार घेतला."

*

दुसऱ्यांदा नांदेडला गेलो तेव्हा मॅडम डॉक्टरांकडे एकट्याच आत गेल्या. मला म्हणाल्या, तू बाहेर बस. आत काय झालं ते परत येताना जीपमध्ये त्यांनी स्वतःच सांगितलं, तेही वर्गात उदाहरण द्यावं तसं.

डॉक्टर म्हणाले, "काळजी करू नका, बहुतेक पेशंट बरे होतात."

मॅडम म्हणाल्या, "आता हेच वाक्य उलटं करून सांगा."

डॉक्टर गोंधळले. वयाने माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनीच मोठे असतील. "म्हणजे... काही पेशंट वाचत नाहीत."

"बघा. मघाशी भीती वाटत नव्हती, आता वाटायला लागली. माहिती तीच आहे. इतकी वर्षं मी हे शिकवत आले, स्वतःवर लागू पडताना आज पहिल्यांदा बघितलं."

डॉक्टरांना वाटलं असेल, पेशंट खूश आहे म्हणजे तारीख घेईल. त्यांनी कॅलेंडर पुढे ओढलं आणि विचारलं, "घरचं कोण आलंय सोबत?"

"गाडी आहे," मॅडम म्हणाल्या, आणि तारीख न घेता उठल्या.

जीपमध्ये त्या हसत होत्या. आम्ही दोघं हसलो नाही.

*

त्यानंतरच्या आठवड्यात मॅडमनी सर्व्हेत एक नवा प्रश्न घातला. चाचा गाडी चालवत होते, मी टॅबवर टाईप करत होते, आणि त्या मागच्या सीटवरून सांगत होत्या.

"एक बाई आहे. वय सहासष्ट. हृदयाची झडप बदलायची आहे. बदलली तर बहुतेक बरी होईल, पण ऑपरेशनमध्ये जीव जाण्याचीही शक्यता आहे. नाही बदलली तर हळूहळू थकत जाईल. तिने ऑपरेशन करावं का? होय, नाही, सांगता येत नाही."

चाचांनी आरशातून माझ्याकडे बघितलं.

"बाई काल्पनिक आहे," मॅडम म्हणाल्या.

"हौ मॅडम," चाचा म्हणाले. "रामराव के जैसी."

मला इतका राग आला की टाईप करताना बोटं दुखली. ज्या बाईने बाबांना एका वाक्यात गप्प केलं, ती सर्जनला सोडून साखऱ्याला आणि औंढ्याला विचारायला निघाली होती. आणि वाचायचं मी, तिच्यासमोर बसून.

औंढ्याला देवळाजवळ एक प्रसादाचं दुकान आहे. तिथले काका तराजू न थांबवता म्हणाले, "सहासष्ट? मंग झालंच की वय. कशाला चिरफाड करायची?"

मॅडम बाजूच्या बाकावर पेढा खात होत्या. मला राहवलं नाही. "तुमचं किती काका?"

"एकाहत्तर."

"तुम्हाला हेच ऑपरेशन सांगितलं तर?"

"मी करीन की. माझं येगळं हाय, मला दुकान हाय."

मॅडमना पेढ्याचा ठसका लागला. हसू होतं की दम, ते सांगता आलं नाही.

पण असे काका कमी भेटले. बहुतेक लोक प्रश्न पूर्ण होईपर्यंत शांत बसायचे आणि मग उलट विचारायचे, "तिच्यासंगं कोण हाय?" मी म्हणायचे, ते प्रश्नात नाही. ते म्हणायचे, मंग आमी सांगावं कसं? मी "सांगता येत नाही" दाबायचे आणि पुढच्या घरी जायचे.

एका संध्याकाळी मॅडमनी टॅब बघितला आणि चिडल्या. "सगळं 'सांगता येत नाही'! तू नीट वाचत नाहीस. लोकांना घाई करतेस."

"मी नीटच वाचते. प्रश्न अर्धा आहे तुमचा."

"काय अर्धं आहे त्यात?"

"सगळे विचारतात तिच्यासोबत कोण आहे म्हणून."

"निर्णयाशी त्याचा संबंध नाही," मॅडम म्हणाल्या. "निर्णय तिचा एकटीचा आहे."

मी म्हणाले, "मग घ्या ना."

मोठ्या माणसांशी असं बोलू नये म्हणतात. मोठी माणसं कशी वागतात यावर कुणी काही म्हणत नाही. मॅडम जिना उतरायला लागल्या. वळणावर खूप वेळ मेसेज वाचला त्यांनी.

*

डोंगरकड्याला गयाबाई म्हणून एक आजी आहेत. अंगणात सुपात तूर निवडत बसल्या होत्या. मॅडम बाजेवर टेकल्या. मी प्रश्न वाचला.

"नाव काय म्हणली त्या बाईचं?"

"नाव नाही आजी."

"गाव?"

"गाव पण नाही."

"कोणाची कोण?"

"कोणाचीच कोणी नाही," मी म्हणाले. जरा जोरातच म्हणाले. मॅडमनी माझ्याकडे बघितलं नाही.

सूप थांबलं. "मंग कसं व्हईल तिचं? आतमधी नेल्यावर भाईर कोण बसंल? डबा कोण आणंल? सुद्दीवर आल्यावर पयलं तोंड कोणाचं दिसंल?"

खरं सांगायचं तर आपल्याकडच्या या पद्धतीचा मला वैताग येतो. माणूस एक आजारी, दवाखान्यात गाव गोळा. बाकावर जागा नाही, व्हरांड्यात भाकरी सोडलेल्या, आणि पेशंटला बघायला येणारा प्रत्येकजण याच आजाराने मेलेल्या एकाची गोष्ट सांगणार. माझ्या आत्याच्या वेळी मी स्वतः तिघांना बाहेर काढलं होतं.

मॅडमनी घसा साफ केला. प्राध्यापकांचा आवाज लावला. "समजा आजी, सोबत कोणीच नाही. तर तिने काय करावं?"

"समजा कसं?" गयाबाईंनी सूप खालीच ठेवलं. "आवं, आमच्याकडं म्हशीसंगं बी दोघं जातेत दवाखान्यात. बाई हाय ना ती?"

कोंबड्या सुपाशी आल्या, त्यांना कुणी हाकललं नाही.

"कवा हाय तिचं आपरेशन?"

"ठरलं नाही अजून," मॅडम म्हणाल्या.

"ठरलं की कळवा." आणि मग माझ्याकडे वळून, "पोरी, सुनेचा नंबर तुझ्या फोनात घालून जाय."

जीप कळमनुरीपर्यंत आली. मग मागून आवाज आला.

"चाचा, आपला प्रश्न चुकला."

"कौन सा मॅडम?"

"बरेच. मी आयुष्यभर एकट्याच माणसाला विचारत आले." थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "सोमवारी जीप मोकळी आहे का?"

"जीप तुमारीच है," चाचा म्हणाले. "पूछना कायकू?"

*

मॅडमनी डॉक्टरांकडून सोमवारची तारीख घेतली. मी गयाबाईंना फोन केला. "आजी, त्या बाईचं ठरलं. सोमवारी, नांदेडला." दवाखान्याचं नावही सांगितलं. त्या म्हणाल्या, "बराबर," आणि फोन ठेवला. मला वाटलं, विषय संपला. घरी आईलाही सांगितलं. माझ्या आईला सांगणं म्हणजे साखऱ्याला सांगणं, हे मला त्या वेळी सुचलं नाही.

सोमवारी सकाळी मॅडमना दवाखान्याचा हिरवा गाऊन दिला. त्यात त्या अगदी लहान दिसायला लागल्या. चष्मा, घड्याळ, मोबाईल सगळं माझ्या पिशवीत. नर्सने विचारलं, "पेशंटसोबत कोण?"

मी आणि चाचा दोघंही पुढे झालो.

"नातं?"

"ड्रायव्हर," चाचा म्हणाले.

"आणि तुम्ही?"

माझ्या तोंडून निघालं, "सर्व्हे."

"घरचं कोणी नाही का?"

मॅडम व्हीलचेअरवर बसून फरशीकडे बघत होत्या. तेवढ्यात गेटकडे आवाज चढायला लागला. वॉचमन ओरडत होता, एका पेशंटमागे एकच माणूस, एकच माणूस. मी व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेले.

गयाबाई. मागे त्यांची सून आणि डोंगरकड्याच्या आणखी बायका. काखेत गाठोडी, हातात डबे, एकीजवळ तर गुंडाळलेली सतरंजी. त्यांच्या मागे नव्या टोपीत माझे बाबा.

"कोणाला भेटायचंय?" वॉचमन म्हणाला. "पेशंटचं नाव सांगा आधी."

"नाव न्हाई तिला," गयाबाई म्हणाल्या. "सर्व्हेतली बाई हाय ती. आमी तिच्यासंगं हाव."

वॉचमनने कपाळाला हात लावला. मी मागे वळून बघितलं. मॅडमचा हात सवयीने मोबाईलकडे गेला होता. मोबाईल माझ्या पिशवीत होता. त्यामुळे त्यांना समोर बघावंच लागलं.

"ह्या सगळ्या तिच्या?" वॉचमनने विचारलं. मग बाबांच्या मागे, हातात किटली धरून उभ्या असलेल्या माणसाकडे बोट केलं. "आणि हे कोण?"

"मी रामराव," तो माणूस म्हणाला. "साखऱ्याचा. म्हैस देते माझी दूध."